कागद जुना असेल

तिसरा तास रसायनशास्त्राचा होता, आणि रसायनशास्त्राच्या तासाला दहावी 'ब'च्या वर्गात टाचणी पडली तरी आवाज येई. मुलांना विषयाची फार गोडी होती असं समजू नका. धाक होता, बाईंचा. चोवीस वर्षं एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर, एकच विषय शिकवलेल्या बाई होत्या त्या. मुलं त्यांना पाठीमागे लिटमसबाई म्हणत, कारण रागावल्या की त्यांचा चेहरा क्षणात लालबुंद होई आणि दारात मुख्याध्यापक दिसले की तितक्याच चटकन निवळे. हे नाव बाईंच्या कानावर आलं होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. भूगोलाच्या सरांना पोरं 'पठार' म्हणत. त्या मानाने आपलं बरं चाललंय, असं त्यांचं मत होतं.

बाईंच्या विषयाचा निकाल सलग नऊ वर्षं शंभर टक्के लागला होता. शाळेच्या वार्षिक अंकात त्यांचा फोटो ठरलेला. त्यांची पद्धत सरळ होती. कुठला प्रश्न येतो, त्याचं उत्तर किती ओळींचं, कुठल्या शब्दाखाली रेघ मारायची, हे सगळं मुलांकडून घोटून घ्यायचं. जे परीक्षेला येत नाही त्यावर त्या वेळ घालवत नसत. शंका विचारायला त्यांची ना नव्हती, फक्त शंका बेताची असावी आणि घंटा व्हायच्या आत मिटावी.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीला हे बेताचं प्रकरण कधी जमलं नाही. मेणबत्ती जळते तेव्हा मेण जळतं की वात? गंजलेल्या खिळ्याचं वजन वाढतं, तर ते वाढलेलं आलं कुठून? वर्गात सत्तेचाळीस डोकी मुकाट्याने लिहून घ्यायची आणि हिचा हात वर. बाईंनीच तिचं नाव 'शंकासुर' ठेवलं होतं. "बोला, शंकासुर" म्हटलं की वर्ग खो खो हसे, ती पोरगीही हसे, आणि बाई पुढच्या मुद्द्याकडे वळत. या सहामाहीत मात्र तिचा हात फारसा वर जात नव्हता. पोरगी वळणावर आली, असं बाईंनी शिक्षकखोलीत दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

त्या दिवशी बाई फळ्यावर समीकरण लिहीत असताना शिपाई दारात आला. एरवी तो सूचनेची वही घेऊन यायचा आणि बाई त्याला तास संपेपर्यंत ताटकळत ठेवायच्या. आज त्याच्या हातात नुसती चिठ्ठी होती, आणि त्याने ती देताना तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. मुलीची आई कामावर बेशुद्ध पडली, इस्पितळात नेलंय, मुलीला ताबडतोब पाठवा.

बाई वर्गशिक्षिका होत्या, त्यामुळे मुलीला घेऊन जाणं त्यांच्याकडेच आलं. टॅक्सीत पोरगी दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिची आई एका मोठ्या कचेरीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरची स्वच्छतागृहं साफ करायची. वडील मालट्रक चालवायचे आणि दीड दिवसाच्या अंतरावर कुठेतरी होते. त्यांना फोन गेला होता, पण निघाले तरी उद्या संध्याकाळशिवाय पोचणार नव्हते. सगळ्या रस्त्यात मुलीने एकच गोष्ट विचारली, बेशुद्ध पडलेली माणसं पुन्हा उठतात ना. बाईंनी ताबडतोब हो म्हणून सांगितलं. उत्तर ताबडतोब द्यायची त्यांना सवयच होती.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागाबाहेर एक तरुण डॉक्टर आणि कचेरीचा सुपरवायझर उभे होते. सुपरवायझरच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो बोलताना त्याच्याशी सारखा चाळा करत होता. डॉक्टरने बाईंना मुलीची मावशी समजून सांगायला सुरुवात केली. मुलीच्या आईने संडासात आधी ॲसिड टाकून घासलं होतं, आणि मग त्याच ॲसिडवर ब्लीचचा अख्खा डबा ओतला होता. त्यातून गॅस निघाला.

"क्लोरीन," बाई म्हणाल्या.

डॉक्टरचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या तोंडून तो शब्द गेला होता. प्रश्न अर्धा कानावर पडला की उत्तर ओठांवर, अशी चोवीस वर्षांची सवय. पाठोपाठ सगळं समीकरण डोळ्यांपुढे आलं, दोन्ही बाजू तोललेली. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या एका क्षणाला बाईंना उत्तर बरोबर आल्याचं बरंही वाटलं. डॉक्टरने भुवया उंचावून पाहिलं आणि तुम्ही याच क्षेत्रातल्या का, असं विचारलं. मी हिची शिक्षिका, रसायनशास्त्र शिकवते, असं बाईंनी सांगितलं.

मग डॉक्टर मोकळेपणाने बोलायला लागला. फुफ्फुसं आतून भाजल्यासारखी झाली होती. प्राणवायू चालू होता, औषधं दिली होती. खरी भीती पुढच्या चोवीस तासांची. फुफ्फुसांत पाणी भरलं तर हातात काही राहणार नाही, नाही भरलं तर हिची आई वाचेल. हे तो खालच्या आवाजात बोलला, पण मुलगी दोन हातांच्या अंतरावरच उभी होती आणि तिला ऐकू आलंच. त्याला एक गोष्ट मात्र उमगत नव्हती. त्या स्वच्छतागृहाचं दार उघडं होतं, कडी घातलेली नव्हती. असला वास नाकात गेला की माणूस कुणी न सांगता पळत सुटतं. ही बाई पाच-सात मिनिटं तरी आतच उभी होती.

"डब्यावर ठसठशीत लिहिलंय, मॅडम," सुपरवायझर म्हणाला. "दुसऱ्या कशात मिसळू नका. पण वाचतं कोण? अडाणी माणसं."

मुलीच्या देखत तो हे बोलला. बाईंचा चेहरा लाल व्हायला लागला होता, तेवढ्यात कुणीतरी त्यांची बाही ओढली.

"बाई," मुलगी म्हणाली, "आईला मी सांगितलं होतं."

बाईंना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, मिसळू नको असं सांगितलं होतं म्हणते आहे. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बरोबरच सांगितलंस, तुझा काही दोष नाही, असं काहीबाही म्हणाल्या. मुलीने मान हलवली. तिने बाईंना बाकावर बसवलं, अगदी मोठ्या माणसासारखं हाताला धरून बसवलं, आणि सांगायला लागली.

आईच्या हातांना भेगा पडल्या होत्या. ॲसिडने बोटं सोलून निघायची. कचेरीतून मिळालेले हातमोजे दोन महिन्यांत फाटले आणि नवीन कुणी दिले नाहीत. घासून झाल्यावर फरशीवर, भांड्यात ॲसिड उरतं, ते धुताना पाण्याबरोबर हातापायांवर येतं, आणि सगळी आग आग होते ती तेव्हा. मुलीने रोज संध्याकाळी ते हात पाहिले होते. मग वर्गात धडा आला, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचाही जोर मोडतो. त्याला उदासिनीकरण म्हणतात. त्या शब्दाला मुलं हसली होती, तेव्हा बाईंनी समजावलं होतं की उदासीन म्हणजे रडवेला नव्हे. ज्याचं कुणाशी भांडण उरलं नाही तो उदासीन. उरतो फक्त क्षार, आणि पाणी. मुलीला ते फार आवडलं. क्षार आणि पाणी हाताला लागले तर काय बिघडतं?

त्याच आठवड्यात बाईंनी वर्गाला प्रकल्प दिला होता, घरातली आम्लं आणि आम्लारी ओळखा. प्रत्येकाला लिटमसचे दहा-दहा कागद वाटले होते. मुलीने घरातल्या वस्तू तपासल्या आणि आई कामावर वापरते ते दोन्ही द्रव एकेक झाकणभर आणवून तेही तपासले. एक आम्ल निघालं, दुसरं आम्लारी. मग तिने सगळं वहीत लिहून बाईंकडे दिलं.

"तपासून येईपर्यंत मी आईला काही सांगितलं नाही," मुलगी म्हणाली. "माझं चुकलं असेल तर म्हणून. परवा वही मिळाली, तेव्हाच सांगितलं."

तिने दप्तरातून वही काढली. तक्रार म्हणून नव्हे. डॉक्टरला जुने कागद दाखवतात तशी दाखवली. माझं कुठे चुकलं ते मला सापडत नाही, तुम्ही बघून सांगा, असं ती म्हणाली.

बाईंनी पान उघडलं. अक्षर टपोरं, रेघा पट्टीने मारलेल्या. लिंबू, दही, साबणाचं पाणी, खायचा सोडा, सगळं ओळीने. आठव्या ओळीत ब्लीच. त्यापुढे निरीक्षणाच्या रकान्यात मुलीने लिहिलं होतं, 'लाल कागद निळा झाला आणि लगेच पांढरा पडला. तीन वेळा केले. तिन्ही वेळा पांढरा.' त्यातलं 'निळा झाला'च्या पुढचं सगळं लाल शाईने खोडलेलं होतं. शेजारी समासात त्याच लाल शाईत लिहिलं होतं, 'कागद जुना असेल. शंका पुरे. निष्कर्ष: आम्लारी.'

अक्षर बाईंचं होतं.

पांढरा. अर्थात पांढराच पडणार! लिटमसचा रंग खाऊन टाकतं ते ब्लीच, म्हणून तर त्याला ब्लीच म्हणतात. साधी आम्लारी असती तर कागद निळाच राहिला असता. तो पांढरा पडला म्हणजे यात नुसती आम्लारी नाही, आणखी काहीतरी आहे, आणि त्या आणखी काहीतरीवर ॲसिड ओतलं तर काय निघतं हे बाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आत्ता डॉक्टरला सांगितलंच की. पंधरा वर्षांच्या पोरीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तीनदा खात्री केली होती, लिहून दिलं होतं. आणि बाईंनी ते खोडलं होतं.

त्यांना पुढे वाचवेना, पण वाचलं. तक्त्याखाली 'उपयोग' असं लिहून मुलीने चार ओळी लिहिल्या होत्या. आईने ॲसिडने घासल्यावर उरलेल्या ॲसिडवर ब्लीच ओतले तर उदासिनीकरण होऊन क्षार व पाणी तयार होईल आणि हात भाजणार नाहीत. या ओळींवर मोठी लाल बरोबरची खूण होती. खाली 'छान. दैनंदिन जीवनात उपयोग', दहापैकी दहा, आणि बाईंची सही.

वाचलं असतं तर ही खूण झाली नसती. बाईंनी ते वाचलंच नव्हतं. त्यांना तो दिवस आठवला, आणि इतका स्वच्छ आठवला की नको झालं. चाचणी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बसल्या बसल्या त्यांनी अठ्ठेचाळीस वह्या हातावेगळ्या केल्या होत्या. तक्त्यातली अक्षरं चुकलीत का तेवढं बघायचं, खालचा मजकूर भरलेला दिसला की खूण. चक्क पाट्या टाकल्या होत्या. वरून सोबत पर्यवेक्षणाला असलेल्या दुसऱ्या बाईंना मी कशी झटपट तपासते हेही दाखवलं होतं.

"सापडलं का, बाई?" मुलीने विचारलं.

हो म्हणावं तर पुढचं सांगावं लागणार. त्या पोरीचे डोळे कोरडे होते. रडणं तिने पुढे ढकललं होतं, आधी चूक शोधायची होती. मी आईला मारलं का, हाच तो प्रश्न होता, फक्त तिने तो वेगळ्या शब्दांत विचारला होता. आणि त्याचं उत्तर एकट्या बाईंपाशी होतं.

"बघते मी," बाई म्हणाल्या. "वही माझ्याकडे राहू दे."

आणि त्यांनी वही आपल्या पर्समध्ये घातली. वर चेनही लावली.

एवढ्यात सुपरवायझर कागद घेऊन आला. घडल्या प्रकाराची नोंद करायची होती, कंपनीला तासाभरात हवी होती. त्याचं अक्षर कुणाला लागत नाही, आणि मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यातून रसायनशास्त्राच्या, तर त्यांनीच दोन ओळी लिहून द्याव्यात, असं त्याचं म्हणणं होतं. मजकूर त्याने तोंडी सांगितला. डब्यावर स्पष्ट सूचना असूनही कामगाराच्या अज्ञानामुळे अपघात घडला. या एका वाक्याने मुलीच्या आईची नोकरी जाणार हे बाईंना कळत होतं. इतक्या काही त्या भोळ्या नव्हत्या. हातात पेन होतं. एक शब्द बदलायचा होता. पण तो शब्द बदलला की कुणाचं अज्ञान, हा प्रश्न आलाच असता. त्याने सांगितलं तसं बाईंनी लिहिलं आणि खाली सही केली. या प्रकरणातली ही त्यांची दुसरी सही.

संध्याकाळी शेजारीण मुलीजवळ थांबायला आल्यावर बाई घरी गेल्या. जेवण गेलं नाही, झोप लागली नाही, हे काय सांगायचं. सकाळी शाळेची घंटा व्हायच्या तासभर आधी त्या प्रयोगशाळेत हजर होत्या. वह्या तीन दिवसांपूर्वीच वाटून झाल्या होत्या, पण निम्म्या मुलांनी त्या नेहमीसारख्या तिथल्या वर्गाच्या कपाटातच ठेवून दिल्या होत्या. बाईंनी त्या एकेक काढून पाहिल्या. ब्लीच अकरा जणांनी तपासलं होतं. सात जणांनी नुसतं 'निळा' लिहिलं होतं, पुस्तकात असतं तसं. चौघांनी पांढरा लिहिलं होतं. चारही ठिकाणी तो पांढरा लाल शाईने खोडलेला होता, आणि एका वहीत तर त्या मुलाने पांढरा पडलेला कागदच पानावर चिकटवला होता. शेजारी बाईंच्या अक्षरात 'निळा'. पानावर पांढरा कागद दिसतो आहे, आणि त्याच्याशेजारी आपण निळा लिहून ठेवलं आहे! बाईंनी ती वही मिटली आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. हा प्रकल्प त्या गेली अकरा वर्षं देत होत्या. अकरा वर्षांच्या वह्या आता कुठून काढून बघणार होत्या त्या?

पहिल्या तासाला त्यांनी वर्गाला सगळं सोडून एकच गोष्ट लिहून घ्यायला लावली. ब्लीच आणि ॲसिड कधीही, कुठेही एकत्र करायचं नाही, विषारी वायू निघतो, आजच घरी सांगा. मुलांनी मुकाट्याने लिहून घेतलं. एकाने विचारलं, परीक्षेला आहे का. बाई नाही म्हणाल्या, आणि तरीही लिहा म्हणाल्या, हे वर्गाला जरा नवीनच होतं. पण वह्यांमध्ये काय खोडलंय, कुणी खोडलंय, याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

तिथून त्या सुटी टाकून इस्पितळात गेल्या.

मुलीच्या आईला शुद्ध आली होती. फुफ्फुसांत थोडं पाणी भरलं होतं, पण औषधांनी ते उतरत होतं. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाला. पूर्वीसारखा दम मात्र कधी येणार नाही, जिने चढणं, ओझं उचलणं विसरायचं. मुलगी पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती, कालच्याच गणवेशात. बाईंना बघून ती उभी राहिली. पलंगावरच्या बाईने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला. तिचा आवाज असा फाटलेला होता की वाकून ऐकावं लागत होतं.

तिने आधी माफी मागितली. माझ्यामुळे तुमचा तास बुडाला, पोरीचाही बुडाला. बोलू नका, मास्क लावा, असं बाई म्हणाल्या, पण ती ऐकेना. मग बाईंच्या तोंडून तो प्रश्न निघून गेला, जो कालपासून डॉक्टरला पडला होता. दार उघडं होतं. पळाला का नाहीत?

ती बाई ओशाळल्यासारखी हसली.

"हिने सांगितलं होतं ना, दोघांचं भांडण मिटतं आणि पाणी होतं म्हणून. वास आला, डोळे चुरचुरायला लागले. मला वाटलं, होतंय आता. वेळ लागत असेल." तिने दम घेतला. "संध्याकाळी हिला सांगायचं होतं, काय काय झालं ते. अर्ध्यातून निघून आले असते तर काय सांगितलं असतं?"

पळण्याइतकं भान त्या बाईला होतं. तिच्या नाकाने, डोळ्यांनी, सगळ्या शरीराने पळ म्हणून सांगितलं होतं. आणि ती उभी राहिली होती, हातात रिकामा डबा घेऊन, त्या धुरातून क्षार आणि पाणी तयार होण्याची वाट बघत.

"पण डब्यावर लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. हे आपण का बोलतो आहोत, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. कदाचित अजून एखादी फट सापडते का, हे त्या शोधत होत्या.

"वाचलं होतं की. मला तेवढं येतं वाचता." ती थांबली, मास्क लावून दोन श्वास घेतले, आणि पुन्हा काढला. "पण डब्यावरचं कोण लिहितं ते आपल्याला माहीत नाही, बाई. वहीवर तुमची सही होती."

झालं. एवढंच ती बोलली, आणि त्यात टोमणा नव्हता. लेकीची वही किती चांगल्या माणसाने तपासली आहे, याचं तिला अजूनही अप्रूप होतं. बाईंनी पलंगाची दांडी धरली. काल कागदावर त्यांनी या बाईला अज्ञानी म्हणून सही केली होती. हिने वाचलं होतं. लेकीने पाहिलं होतं. त्या सगळ्या प्रकरणात न वाचणारी आणि न पाहणारी एकच व्यक्ती होती.

बाईंनी पर्स उघडली, वही काढली आणि ते पान पलंगावर, मायलेकींच्या मध्ये ठेवलं. बोट ठेवून दाखवलं, इथे हिने पांढरा लिहिलंय आणि ते बरोबर आहे. कागद जुना नव्हता, मीच तो नवीन डब्यातून काढून दिला होता. पांढरा म्हणजे काय हे मला माहीत होतं, मला कळायला हवं होतं, मी ते खोडलं. आणि खाली ही खूण केली ती न वाचता केली. हे सगळं त्यांनी न थांबता सांगितलं. थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही याची त्यांना खात्री होती. काल सुपरवायझरला लिहून दिलं ते खोटं होतं, आत्ता इथून जाऊन मी ते बदलून देणार आहे आणि मुख्याध्यापकांनाही सांगणार आहे, हेही सांगितलं.

"चूक माझी आहे," बाई मुलीला म्हणाल्या. "तुझी एका अक्षराचीही नाही."

आईने मास्क तोंडावर ओढून घेतला आणि डोळे मिटले. ते दमून मिटले की दुसऱ्या कशाने, हे समजायला मार्ग नव्हता.

मुलगी पानाकडे बघत होती. आता ही रडेल, ओरडेल, वही फेकेल, काय वाटेल ते करो, असं बाईंना वाटत होतं. त्याची त्यांनी तयारी केली होती. पण पोरीने वही उचलली. एक पान मागे उलटलं, मग आणखी एक. सगळीकडे लाल खुणा होत्या, बरोबर, बरोबर, बरोबर. मध्येच कुठेतरी एखादी ओळ खोडलेली. ती त्या खोडलेल्या ओळींवर बोट ठेवून थांबत होती, आणि पुढे जात होती.

"बाई," ती म्हणाली, "मग बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"बाकीचं खोडलंय ते."

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, चोवीस वर्षं तयारच असायचं. ते बाहेर आलं नाही. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती, आणि तिच्या नजरेत काल टॅक्सीत होता तसला विश्वास नव्हता. राग असता तर बाईंना सोसला असता.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "सगळं पुन्हा बघावं लागेल."

मुलीने जरा विचार केला. मग वही मिटली, पण बाईंच्या हातात दिली नाही.

"बघा," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर बघा."